त्या पदातलं घर

गुरुमुखी लिपी मी धर्मासाठी शिकले नाही. वडील फौजेत होते, गाव साताऱ्याकडचं, पण माझी शाळेची बरीचशी वर्षं पंजाबातल्या छावण्यांमध्ये गेली. आमच्या क्वार्टरला लागून एका शीख सुभेदारांचं घर होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा तिने मला शेजारी बसवून पाठ, म्हणजे गुरूंची पदं, वाचायला शिकवलं. हात धुवायचे, डोक्यावर ओढणी घ्यायची, बोट ओळीखाली धरायचं आणि घाई करायची नाही. शब्द अडला की ती अर्थ सांगायची. कधीकधी सांगायची नाही, नुसतं म्हणायची, "वाच पुढे."

लग्न होऊन सांगलीला आले, कॉलेजात हिंदी शिकवलं, निवृत्त झाले. मिरजेत आमचं एक छोटं सर्वधर्म चर्चामंडळ होतं. सतारी बनवणाऱ्या एका चाचांच्या दुकानावर एक खोली होती, तिथे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जमायचो. भिंतीला वाळत टांगलेले भोपळे आणि खाली सतरंजी. हळदीच्या व्यापारातून निवृत्त झालेले एक जैन अण्णा यायचे. इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती सिस्टर यायच्या. एक विषय घ्यायचा आणि ज्याने त्याने आपल्या परंपरेत त्यावर काय म्हटलंय ते सांगायचं, असा आमचा प्रघात. मंडळात शीख कुणीच नव्हतं, म्हणून गुरुबाणी माझ्याकडे आली. मी तयारी करून जायचे. ‘हुकम’ हा शब्द मराठी माणसाला चटकन साहेबाची ऑर्डर वाटतो, पण तिथे तो सगळी सृष्टी जिच्यामुळे चालते त्या व्यवस्थेला उद्देशून येतो, असं मी सांगायचे. अण्णा मान डोलवायचे. चाचा चहा मागवायचे. संध्याकाळी मी सांगलीच्या बसने घरी यायचे आणि दिवस चांगला गेला असं वाटायचं.

एक दिवस सकाळी सिस्टरांचा फोन आला. त्या निवृत्तीनंतरही मिरजेच्या एका इस्पितळात रुग्णांच्या नातेवाइकांना धीर द्यायला जायच्या. म्हणाल्या, "ताई, पंजाबातून एक नवरा-बायको आलेत. मुलगा अतिदक्षता विभागात आहे. त्यांना मराठी येत नाही, आणि बाईंना हिंदीही नीट कळत नाही. डॉक्टरांना फार महत्त्वाचं बोलायचंय. तुम्ही याल का?"

मी तशीच निघाले.

मुलगा पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करायचा. नुकताच पंचविशीत आलेला. मनोऱ्यावरून उतरताना पडला होता. त्याच्याबरोबर काम करणारा तिकडचाच एक माणूस विभागाच्या बाहेर जिन्यावर बसला होता. त्याला पाहून मी थांबले, तर विचारायच्या आधीच तो सांगायला लागला.

"आवं म्याडम, खाली आलाच हुता. शेवटचा टप्पा ऱ्हायला हुता. हुक काढून दुसरीकडं लावायचा, तेवढ्यात हात सुटला. मी वर हुतो. मला कायबी करता आलं न्हाई." मग म्हणाला, "त्यांना सांगाल का, मी वर हुतो म्हणून?"

मी सांगितलं. मुलाच्या वडिलांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आई बाकावर बसून राहिली. तिच्या मांडीवर पिवळ्या रुमालात बांधलेली पाठाची छोटी पोथी होती आणि तिचा अंगठा त्या गाठीवरून सारखा फिरत होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि माझ्याकडे बघत बोलायला लागले. मेंदूचा जो भाग श्वास चालवतो तोच बंद पडला आहे. पहिली तपासणी झाली आहे, ठरल्याप्रमाणे काही तासांनी दुसरी होईल. तीही तशीच आली तर मुलगा गेला असंच धरावं लागेल. छाती हलते ती यंत्रामुळे. पुढे त्यांनी आवाज खाली आणला. "हृदय, मूत्रपिंडं, यकृत अजून चांगली आहेत. आईवडिलांची संमती असेल तर दुसऱ्यांना जीवदान मिळू शकतं. पण वेळ फार नाही."

हे पंजाबीत कसं सांगायचं ते मला कळेना. मी ती भाषा अंगणात शिकले होते. स्वयंपाकाचे, रुसण्याफुगण्याचे, लग्नाचे, पाठाचे शब्द माझ्याकडे होते. मेंदू गेला पण काळीज चालू आहे, हे सांगायला नव्हते. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबले. शेवटी म्हणाले, "ते म्हणतायत, तो आता आत नाही."

आईने विचारलं, "मग श्वास कोण घेतंय?"

"यंत्र."

"मी हात लावला. गरम आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हो, गरम असतंच." हे मी तिला सांगितलं नाही.

वडिलांनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "हुकम आहे. जे गेलंय ते धरून ठेवायचं नाही. जे उरलंय ते कुणाच्या उपयोगी येत असेल तर द्या. आयुष्यभर सेवा सेवा म्हणत आलो, आता हात मागे घेऊ?"

आई त्यांच्याकडे वळली. "हुकम काय ते तुम्ही ठरवणार? काळीज चालू ठेवलंय तोही त्याचाच हुकम ना? श्वास त्याने मोजून दिलेत. उरलेले काढून घेणारे तुम्ही कोण?"

"काढून घेत नाही. संपलेत."

"तुमच्यासाठी संपले असतील."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी दोघांचं बोलणं मराठीत सांगितलं. सांगताना ‘हुकम’ हा शब्द मी तसाच ठेवला, कारण दोघांनी तोच वापरला होता. डॉक्टर म्हणाले, "दोघं एकच म्हणतायत ना?" मी म्हणाले, "नाही हो. एकच शब्द म्हणतायत."

बाहेर आल्यावर वडिलांनी मार्ग काढला. गुरुद्वाऱ्यात जाऊन वाक घ्यायचं, म्हणजे ग्रंथसाहिब उघडल्यावर डाव्या पानावर वरती जे पद येईल तो त्या दिवसाचा आपल्यासाठीचा आदेश मानायचा. आईने लगेच मान हलवली. त्या दिवसांत त्या दोघांचं ज्या एका गोष्टीवर जमलं, ती ही. सांगलीत एक लहानसा गुरुद्वारा आहे, तिथे मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. तिथे ग्रंथ वाचणाऱ्या भाईजींनी अरदास, म्हणजे प्रार्थना केली, ग्रंथावरचं वस्त्र, रुमाला, बाजूला केलं, ग्रंथ उघडला आणि वाचलं. दोघं कपाळ जमिनीला टेकवून ऐकत होती. मी मागे बसले होते.

ते पद एका वाट पाहणाऱ्या बाईचं होतं. तिचा जिवलग दूर आहे, तिला झोप लागत नाही, आणि शेवटी तो घरी येतो, तेव्हा तिचं अंगण उजळून जातं. मला वाटलं, आता हिला धीर येईल. दुसऱ्याच क्षणी वाटलं, आता हिचं कसं होणार.

गुरुद्वाऱ्याच्या पायरीवर बूट घालता घालताच वडील म्हणाले, "सांगितलं ना? तो घरी पोचला. आपलं खरं घर तिथे आहे."

आई म्हणाली, "बाईच्या अंगणात आला म्हटलंय. माझ्या अंगणात येणार आहे तो."

मी आत जाऊन भाईजींना विचारलं. ते वयाने माझ्याहून लहान होते, चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "बाणीत ती बाई म्हणजे आपला जीव, आणि जिवलग म्हणजे तो वरचा. अर्थ विचाराल तर हा आहे. पण मुलगा इस्पितळात असलेल्या आईला जाऊन हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगू शकत असाल तर सांगा."

दुपारी इस्पितळाच्या समाजसेविकेने सिस्टरांना विनंती केली. तुमचं मंडळ आहे ना, सगळ्या धर्मांचे जाणते लोक आहेत, त्यांनी या आईशी बोलावं, म्हणजे तिला कळेल की कुठल्याच धर्मात अवयव देण्याला मनाई नाही. सिस्टरांनी अण्णांना आणि चाचांना बोलावून घेतलं. हे करू नये, असं मला वाटत होतं. पण ‘करू नका’ म्हणायला दुसरा मार्ग सुचायला हवा होता, तो सुचला नाही. आमच्या रविवारच्या चर्चेत हाच विषय आम्ही कधीतरी घेतला असता आणि चांगला रंगला असता.

इस्पितळाच्या प्रार्थनेच्या खोलीशेजारी एका लहान खोलीत आम्ही बसलो. अण्णा, चाचा, सिस्टर, समाजसेविका, ती दोघं आणि मध्ये मी. पंखा आवाज करत होता म्हणून कुणीतरी तो बंद केला, मग उकडायला लागलं.

चाचा आधी बोलले. त्यांचा हिंदीचा लहेजा मिरजेचा होता, तरी वडिलांना कळत होतं. म्हणाले, "हे शरीर आपल्याकडे अमानत आहे, ठेव. ज्याची त्याला परत करायची असते." मी आईला सांगितलं. तिने विचारलं, "यांना मुलगा आहे?" चाचा म्हणाले, "दोन आहेत." चाचांनी अण्णांकडे बघितलं.

मग अण्णा. त्यांचा हेतू इतका स्वच्छ होता की त्यांचा राग करता येत नाही. त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईने शेवटी शांतपणे अन्नपाणी कमी कमी करत देह सोडला, सगळं घर भोवती बसलं होतं, आणि देहाचा मोह सोडणं हीच मोठी गोष्ट आहे. हे मी जपून सांगत होते. आधी त्यांच्या आईचं वय सांगितलं, मग तिची स्वतःची इच्छा सांगितली. पण अन्नपाणी हा शब्द आला आणि आई उभी राहिली.

"हे माझ्या पोराला उपाशी मारायला सांगतायत?"

"नाही, बहेनजी. ते त्यांच्या आईचं सांगतायत."

"त्यांच्या आईचं त्यांच्याजवळ राहू द्या."

अण्णांनी घाबरून मला विचारलं, "माझं काही चुकलं का हो ताई?" सिस्टरांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. समाजसेविका म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, त्यांच्या ग्रंथातही दानाचं महत्त्व आहे. तुम्हाला तर माहितेय. तुमचं ऐकतील त्या."

मी आईजवळ गेले. तिला पुन्हा बसवलं. ती माझ्याच वयाची होती. तिने माझं मनगट धरलं.

"भैणजी, तू बाणी वाचतेस. सकाळी तू मागे बसली होतीस. मला एकच सांग. त्या पदात तो ज्या घरात येतो ते घर कुणाचं?"

वडीलही माझ्याकडे बघत होते. चाचा, अण्णा, सगळेच. पंजाबी बाकी कुणाला कळत नव्हती, पण प्रश्न विचारला गेलाय हे कळत होतं.

मी म्हणाले, "शब्द बघितले तर तिचंच. जी वाट बघतेय तिचं घर. पण जाणती माणसं त्याचा अर्थ असा करतात की घर म्हणजे आपलं मन आणि येणारा म्हणजे परमेश्वर. त्यात मुलाबद्दल काही नाही. तो येईल असंही नाही आणि गेला असंही नाही."

"मग मला काय सांगितलं त्याने?"

दान मोठं आहे हे तिला सांगता आलं असतं. तिने ऐकलंही असतं कदाचित. मी डॉक्टरांची, समाजसेविकेची, वडिलांची आणि कुठल्यातरी शहरात फोनची वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसांची बाजू घेतली असती, आणि ती बाजू चुकीची नव्हती. पण ते ग्रंथाच्या नावाने सांगायला माझी जीभ उचलेना. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तिने मनगट सोडलं.

वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला. "माहीत कसं नाही? सगळ्यांना माहीत आहे. हिला सोडून सगळ्यांना." मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांची पाठ हलू लागली.

दुसऱ्या तपासणीची वेळ झाली होती. आईने डॉक्टरांकडे एकच मागितलं, त्याआधी मुलाजवळ पाठ व्हावा. डॉक्टरांनी परवानगी दिली. तिने पोथी माझ्या हातात दिली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तिला अक्षरं दिसत नव्हती. मी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि त्या मुलाच्या कानाशी वाकून वाचायला लागले. त्याची दाढी अजून विरळ होती. केस कुणीतरी नीट बांधले होते. नंतर कळलं की वॉर्डातल्या मावशींनी बांधले होते. त्यांनी आधी वडिलांना विचारून घेतलं होतं की कसे बांधायचे.

मी वाचत होते. बोट ओळीखाली धरलं होतं. एकाही शब्दाचा अर्थ मनात येत नव्हता, नुसता उच्चार चुकू नये एवढंच. पाठ संपायच्या आधीच पडद्यावरचे आकडे बदलायला लागले. नर्स धावत आली, मग डॉक्टर. आम्हाला बाहेर काढलं. काचेतून मला त्यांची घाई दिसत होती, पुढे ती घाई कमी झालेलीही दिसली. डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. या वेळी मला काहीच सांगावं लागलं नाही.

दुसरी तपासणी झालीच नाही. संमतीचा प्रश्नही उरला नाही. डोळे देता येतील असं समाजसेविका म्हणाली, पण ते तिने मला एकटीला सांगितलं आणि मी ते पुढे नेलं नाही. दिवसभर सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेल्यावर हे आणखी एक सांगण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मावशी आईच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांना पंजाबी येत नव्हती, तिला मराठी येत नव्हती. त्या म्हणत होत्या, "रडा बाई, रडा. आता कोन न्हाई म्हनत." आई रडत नव्हती. ती वडिलांकडे बघून म्हणाली, "बघितलंत? स्वतःहून गेला. कुणाला हात लावू दिला नाही. हा हुकम."

वडील म्हणाले, "कुणाच्या कामी नाही आला. तू येऊ दिलं नाहीस."

हे दोन्ही मी ऐकलं. आजूबाजूचे सगळे मला खुणेने विचारत होते, काय म्हणतायत. मी म्हणाले, "काही नाही, मुलाबद्दल बोलतायत."

पंजाबपर्यंत नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मिरजेतच अंत्यसंस्कार केले. गुरुद्वाऱ्यातले लोक आले, पठारावरून कामगारांची गाडी आली, चाचा आणि अण्णा दोघंही आले. अण्णा लांब उभे राहिले. त्या घटनेनंतर त्यांची तब्येत बिघडली असं नाही, पण ते मंडळात यायचे बंद झाले. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की तुमचा दोष नाही. ते म्हणाले, "तुम्ही भाषांतर बरोबर केलं होतं ना?" मी हो म्हणाले. "मग दोष माझाच," म्हणाले.

मंडळाची पुढची बैठक ठरली तेव्हा चाचांनी फोन केला. विषय साधा होता, पाहुणचार. मी गेले. माझी पाळी आली, गुरुद्वाऱ्यात येईल त्याला जेवू घालतात त्या लंगरबद्दल बोलायचं होतं, जे मला झोपेतसुद्धा बोलता येईल. पहिलं वाक्य बोलले आणि पुढचं येईना. सिस्टरांनी पाणी दिलं. चाचा म्हणाले, "राहू द्या, आज राहू द्या." त्यानंतर मी गेलेले नाही. हळूहळू मंडळच बंद पडलं. खोलीत आता पुन्हा सतारी ठेवतात.

ती दोघं गावी गेल्यावर मी फोन करत राहिले. आधी वडील बोलायचे, मग फोन आईकडे जायचा. माझ्या लक्षात यायला वेळ लागला की फोन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये एकही शब्द ऐकू येत नाही. एकदा मी विचारलंच. वडील म्हणाले, "बोलत नाही आम्ही. एका छताखाली राहतो. ती तिचं करते, मी माझं करतो." मग म्हणाले, "भैणजी, तिला जरा सांगाल, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदललीय. नवीन पाकीट कपाटावर ठेवलंय."

फोन आईकडे गेला. मी सांगितलं. ती म्हणाली, "पाहिलं मी. त्यांना सांग, रात्री गच्चीवर झोपू नका, थंडी पडायला लागली."

मी सांगितलं. गेले कित्येक महिने हे चाललंय. मी इथे सांगलीत स्वयंपाकघरात उभी असते आणि तिकडे एकाच घरातल्या दोन माणसांमध्ये, त्यांच्याच भाषेत, निरोप पोचवत असते. गहू दळून आणलाय. म्हशीला डॉक्टरला दाखवा. बहिणीचा फोन येऊन गेला. कधी मधेच थांबून वाटतं, आता तरी यांना म्हणावं की एकमेकांशी बोला. एकदा म्हटलं. फोन बंद झाला आणि दोन आठवडे दोघांपैकी कुणीच उचलला नाही. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्यानंतर म्हटलं नाही.

काल वडिलांनी विचारलं, तिचा गुडघा कसा आहे ते विचाराल का. मी विचारलं. ती म्हणाली, दुखतोय. मी त्यांना सांगितलं, दुखतोय म्हणतायत.